जुहू : ओहोटीची वाट पाहणारे बेट

जुहूला जायचे तर एकेकाळी आधी ओहोटीची वेळ पाहावी लागे. सांताक्रूझ किंवा विलेपार्ले स्थानकाबाहेर रिक्षात बसून, वाहतुकीची कृपा असेल तर पाव तासात चौपाटी गाठणाऱ्या आजच्या मुंबईकराला हे सांगून पटणार नाही. परंतु जुहू हे बेट होते. साष्टीच्या पश्चिम किनाऱ्याला लागून दक्षिणोत्तर पसरलेली, समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटर-दोन मीटर उंचीची वाळूची लांबट पट्टी, असे त्याचे स्वरूप होते. तिच्या पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला, साष्टीच्या जमिनीपासून तिला वेगळे करणारी चिखलाची उथळ खाडी. भरती आली की खाडी भरून जाई आणि जुहू तुटे. ओहोटी लागली की चिखल तुडवत पलीकडे जाता येई.

शाळेच्या पुस्तकातून आपल्याला मुंबईची सात बेटे पाठ झालेली असतात. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. ही सातही बेटे माहीमच्या खाडीच्या अलीकडची, म्हणजे जुन्या शहराची. उपनगरांचा प्रदेश म्हणजे साष्टी हे स्वतंत्र मोठे बेट, आणि त्याच्या कडेला जुहू, वर्सोवा, मढ, मार्वे अशी लहान-मोठी भूशिरे आणि बेटे. सात बेटांच्या यादीत जागा न मिळाल्याने जुहूचे बेटपण विस्मरणात गेले. मात्र चौपाटीविषयी ज्या चमत्कारिक गोष्टी अधूनमधून कानावर येतात, म्हणजे चुकून उतरलेली परदेशी विमाने, वाळूत येऊन रुतलेली बेवारस जहाजे, दर पावसाळ्यात तुंबणारे पाणी, त्यांतील बहुतेकींचे मूळ या जुन्या बेटाच्या भूगोलातच सापडते.

नावाची गोष्ट

पोर्तुगीज अमदानीत या बेटाचा उल्लेख ‘जुवें’ असा होई. ‘जुई’च्या फुलांवरून जुहू हे नाव पडल्याची एक समजूत आहे आणि ती ऐकायला गोड वाटते. पण कोकण किनाऱ्याची ओळख असणाऱ्याला पोर्तुगीज नाव अधिक बोलके वाटेल. कोकणीत ‘जुंवो’ किंवा ‘जुवें’ म्हणजे बेट. गोव्यातील सांत इस्तेव्ह हे मांडवीच्या पात्रातील बेट स्थानिक बोलीत जुवें म्हणूनच ओळखले जाते. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरच्या खाडीत पाण्याने वेढलेले चिमुकले गाव आहे, त्याचेही नाव जुवे. हे साम्य योगायोगाचे मानणे कठीण आहे.

दुसरा गैरसमज ‘जुहू तारा’ या रस्त्याविषयी. ही तारा कोण, असा प्रश्न नवख्याला पडतो आणि चित्रपटसृष्टीच्या सान्निध्यामुळे एखादी तारका मनात येते. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, येथे चित्रपटवाल्यांचा मागमूसही नव्हता तेव्हा, हा परिसर जुहू तारा या नावानेच ओळखला जात होता.

बेटावर वस्ती होती ती मुख्यतः चार समाजांची. माड आणि शिंदी यांच्यावर चढून ताडी-माडी काढणारे भंडारी, मिठागरांत राबणारे आगरी, थोडीफार शेती करणारे कुणबी आणि दक्षिण टोकाच्या कोळीवाड्यात राहणारे मासेमार. यांपैकी अनेक कुटुंबे पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाली. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, साष्टी-वसईच्या या मराठीभाषक ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. जुहूचे सेंट जोसेफ चर्च १८५३ सालचे. ते ‘पोर्तुगीजांनी बांधले’ असे सर्रास लिहिले जाते. यात एक अडचण आहे. साष्टी पोर्तुगिजांकडून मराठ्यांनी १७३७ ते १७३९ या मोहिमेत घेतली आणि १७७४ मध्ये ती इंग्रजांच्या हाती गेली. १८५३ साली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली त्या वर्षी, पोर्तुगीज सत्ता येथून जाऊन शतक उलटले होते. राज्य गेले तरी साष्टीतील कित्येक चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा धार्मिक अधिकार मात्र पुढेही चालू राहिला आणि त्यावरून मुंबईच्या ख्रिस्ती समाजात बराच काळ वाद होता. चर्चला ‘पोर्तुगीज’ म्हणायचे ते या अर्थाने.

पाचशे भूखंडांचे स्वप्न

माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा रस्ता १८४५ च्या सुमारास तयार झाला. त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाय यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले होते. पुढे रेल्वे आली आणि साष्टीचा पश्चिम किनारा शहरातील धनिकांच्या नजरेत भरू लागला. वांद्र्याला बंगले उठले. जुहू मात्र खाडीपलीकडेच राहिले.

त्यात दूरची शक्यता पाहिली ती जमशेटजी टाटा यांनी. १८९० च्या दशकात त्यांनी जुहूला जमीन घेतली आणि बंगला बांधला. जुहू तारा येथील सुमारे बाराशे एकर क्षेत्र विकसित करून एकेक एकराचे पाचशे भूखंड पाडावेत आणि समुद्रकाठचे आखीव उपनगर वसवावे, अशी त्यांची योजना होती. माहीमचा रस्ता सांताक्रूझपर्यंत वाढविण्याचा विचारही तिला जोडलेला होता. १९०४ च्या मे महिन्यात जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले आणि योजना कागदावर राहिली. पोलाद कारखाना, विज्ञान संस्था, जलविद्युत या त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या तीन मोठ्या संकल्पना वारसांनी पूर्ण केल्या. जुहूच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. मात्र टाटांच्याच घराण्यातील पुढच्या पिढीने जुहूचा वेगळ्याच कारणासाठी उपयोग केला.

चिखलातले विमानतळ

जुहू आणि साष्टी यांच्यामधली चिखलाची सपाटी घरे बांधायला निरुपयोगी होती. पण विमान उतरवायला, निदान कोरड्या ऋतूत, ती उत्तम होती. आजही नकाशा पाहिला तर जुहूचे विमानतळ बरोबर त्या पट्ट्यात, जुहू तारा रस्ता आणि एस. व्ही. रोड यांच्या मध्ये दिसते. १९२८ साली येथे कच्ची धावपट्टी तयार झाली आणि देशातील पहिले नागरी विमानतळ म्हणून जुहूची नोंद झाली. त्याच वर्षी येथे बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. फेब्रुवारी १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना, त्याच्यावर क्रमांकही एक.

१५ ऑक्टोबर १९३२ हा दिवस भारतीय विमानवाहतुकीच्या प्रत्येक इतिहासात येतो. त्या दिवशी सकाळी जे. आर. डी. कराचीच्या द्रिग रोड विमानतळावरून ‘पस मॉथ’ या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून एकटेच निघाले. सोबत टपालाची थैली. वाटेत अहमदाबादला उतरून इंधन घेतले. तेथे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. दुपारी दोनच्या आत ते जुहूच्या धावपट्टीवर उतरले. येथून पुढचे टपाल त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी दुसऱ्या विमानातून बल्लारीमार्गे मद्रासला नेले. ब्रिटनहून कराचीला येणारी हवाई टपाल भारताच्या दक्षिण टोकापर्यंत जलद पोहोचविणे, हा या सेवेचा हेतू होता.

जुहूला या कंपनीचे कार्यालय म्हणजे माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी होती. सुरुवातीला विमाने दोन. रेडिओ नाही, हवामानखात्याची मदत नाही. आणि पावसाळा आला की धावपट्टीच नाही. कारण जूनमध्ये खाडीचा चिखल पुन्हा खाडी होई. त्यामुळे दरवर्षी पावसाळ्यात विमाने, यंत्रज्ञ आणि सारा पसारा पुण्याला हलविला जाई. तेथे उतरण्याची जागा होती येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानात. मुंबई-पुणे प्रवासाच्या इतिहासात हंगामी स्थलांतराचे असे उदाहरण दुसरे नसेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत जुहू हेच मुंबईचे मुख्य विमानतळ होते. युद्धकाळात सांताक्रूझला मोठे लष्करी विमानतळ उभे राहिले आणि युद्धानंतर नागरी वाहतूक तिकडे गेली. टाटांची कंपनी १९४६ मध्ये ‘एअर इंडिया’ झाली, १९५३ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे एक गंमत घडली. झावळ्यांच्या झोपडीत जन्मलेल्या या कंपनीच्या उपकंपनीने जुहूच्याच किनाऱ्यावर ‘सेंटॉर’ हे पंचतारांकित हॉटेल चालविले. २००२ मध्ये निर्गुंतवणुकीत ते विकले गेले आणि त्या व्यवहारावरून वादही झाले. एअर इंडिया स्वतः जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे परतली. हॉटेल काही परतले नाही.

जे. आर. डी. यांनी मात्र जुहूची आठवण ठेवली. १९३२ च्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी जुन्या ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला आणि ते जुहूलाच उतरले.

चुकलेले पाहुणे

सांताक्रूझचे विमानतळ सुरू झाल्यावर जुहूची खरी पंचाईत सुरू झाली. दोन्ही विमानतळांत अंतर अवघे काही किलोमीटर. दोन्हींच्या पूर्व-पश्चिम धावपट्ट्यांची दिशा जवळजवळ सारखी. समुद्राकडून येणाऱ्या वैमानिकाला किनारा ओलांडताच पहिली दिसते ती जुहूची धावपट्टी, आणि हवा धूसर असेल तर तीच सांताक्रूझची आहे असे वाटणे अगदी स्वाभाविक. फरक एवढाच की जुहूची धावपट्टी सुमारे अकराशे मीटर लांबीची. मोठ्या प्रवासी विमानाला ती सर्वस्वी अपुरी.

१५ जुलै १९५३ रोजी ब्रिटनच्या ‘बीओएसी’ कंपनीचे ‘कॉमेट’ विमान जुहूला उतरले. कॉमेट म्हणजे जगातील पहिले प्रवासी जेट विमान, प्रवासी सेवेत येऊन त्याला जेमतेम वर्ष झाले होते. ऐन पावसाळ्यात, जेथे एकेकाळी पस मॉथही ठेवता येत नसे तेथे, हे अत्याधुनिक यंत्र येऊन थांबले. आखूड धावपट्टीवरून ते पुन्हा उडविणे सोपे नव्हते. सुमारे नऊ दिवसांनी ते तेथून उडविण्यात आले.

दुसऱ्या पाहुण्याचे नशीब एवढे चांगले नव्हते. २४ सप्टेंबर १९७२ च्या सकाळी लंडनहून टोकियोकडे निघालेले ‘जपान एअरलाइन्स’चे डीसी-८ विमान मुंबईच्या थांब्यासाठी खाली आले ते थेट जुहूच्या धावपट्टीवर. धावपट्टी संपली, विमान थांबले नाही. ते पुढे घसरत गेले आणि मोडले. सुदैवाने कोणी दगावले नाही, परंतु विमान दुरुस्तीपलीकडे गेले. त्या काळच्या जुहूकरांच्या बोलण्यात हे ‘जपानी विमान’ पुढे कित्येक वर्षे येत राहिले असेल, तर नवल नाही.

आज जुहूवरून मुख्यतः हेलिकॉप्टरे उडतात. १९७४ साली मुंबईच्या समुद्रात तेल सापडले आणि ‘बॉम्बे हाय’च्या फलाटांवर कर्मचारी पोहोचविण्यासाठी किनाऱ्याजवळचा तळ हवा होता. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘पवन हंस’चे येथे मोठे ठाणे आहे.

विमानतळाचा आणखी एक परिणाम रस्त्याने जाताना दिसतो, पण त्याचे कारण सहसा लक्षात येत नाही. जमिनीचे भाव गगनाला भिडलेल्या या भागात इमारती मात्र बुटक्या आहेत. विमाने आणि हेलिकॉप्टरे यांच्या मार्गामुळे येथे उंचीवर मर्यादा आहेत. शिवाय जुहूत लष्कराचे संदेशवहन केंद्र आहे आणि त्याच्या भोवतालच्या ४५७ मीटरच्या, म्हणजे जुन्या हिशेबाने पाचशे वारांच्या परिघात बांधकामावर निर्बंध आहेत. तेथील जुन्या सोसायट्यांतील रहिवाशांचा पुनर्विकास त्यामुळे वर्षानुवर्षे रखडला. चौपाटीवरून मागे पाहिल्यावर वरळीसारखी काचेची भिंत दिसत नाही, याचे श्रेय नगरनियोजनाला देण्याचे कारण नाही.

महात्म्याची हवापालट

१९२४ च्या जानेवारीत येरवडा तुरुंगात असताना गांधीजींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली आणि मार्चमध्ये विश्रांतीसाठी ते जुहूला आले. उतरले होते ‘पाम बन’ या बंगल्यात. बंगला नरोत्तम मोरारजी यांचा, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही भारतीय जहाजकंपनी उभारणाऱ्यांपैकी ते एक. विश्रांती कसली, देशाचे राजकारणच काही आठवडे जुहूच्या वाळूवर येऊन बसले. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास कायदेमंडळांतील प्रवेशाबाबत गांधीजींचे मन वळविण्यासाठी येथे आले. चर्चा लांबली, मतभेद कायम राहिले आणि दोन्ही बाजूंनी आपापली भूमिका मांडणारी निवेदने काढली. पंडित नेहरूंनीही आत्मचरित्रात या जुहूमुक्कामाविषयी लिहिले आहे.

सहा वर्षांनी, १९३० च्या एप्रिलमध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा विलेपार्ल्याची छावणी उपनगरांतील प्रमुख केंद्र होती. जमनालाल बजाज, किशोरलाल मशरूवाला यांच्यासारखी माणसे तिच्यात होती. जमनालालजींच्या पत्नीच्या नावाची ‘जानकी कुटीर’ ही जागा जुहूत आजही आहे, तिच्याकडे पुढे वळू.

गांधीजी दुसऱ्यांदा दीर्घकाळ राहिले ते १९४४ मध्ये. पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत फेब्रुवारीत कस्तुरबा गेल्या होत्या, त्याआधी महादेवभाई देसाई गेले होते. मलेरियाने खंगलेल्या गांधीजींना ६ मे रोजी सोडण्यात आले आणि ते पुन्हा जुहूला, या वेळी नरोत्तमभाईंचे पुत्र शांतिकुमार मोरारजी यांच्याकडे आले. याच मुक्कामात त्यांनी ‘मिशन टू मॉस्को’ हा अमेरिकन बोलपट आणि विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ पाहिला. चित्रपटांविषयी गांधीजींचे मत काही अनुकूल नव्हते, आणि ज्या गावाचे नाव पुढे चित्रपटतारकांच्या बंगल्यांमुळे घरोघरी पोहोचले, तेथेच त्यांनी चित्रपट पाहावा हा एक विनोदच. किनाऱ्यावरचा गांधीजींचा पुतळा आणि ‘गांधीग्राम’ हे नाव या दोन मुक्कामांची खूण आहे. येरवड्याहून दोनदा जुहूला आलेले गांधीजी आणि दर पावसाळ्यात जुहूहून येरवड्याला जाणारी टाटांची विमाने, यांची गाठ मात्र कधी पडली नाही.

जानकी कुटीरच्या आवारातील एक भूखंड १९६२ मध्ये पृथ्वीराज कपूर यांनी भाडेपट्ट्याने घेतला. फिरत्या ‘पृथ्वी थिएटर’ला कायमचे घर द्यावे, ही त्यांची इच्छा. १९७२ मध्ये ते गेले. शशी कपूर आणि जेनिफर यांनी ते काम पूर्ण केले आणि ५ नोव्हेंबर १९७८ रोजी नाट्यगृहाचा पडदा, खरे तर तेथे पडदाच नाही, उघडला. मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की या हिंदी-इंग्रजी नाटकांच्या माहेरघरात झालेले पहिले नाटक गो. पु. देशपांडे यांचे होते, ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’. हॉटेले, ‘इस्कॉन’चे मंदिर, थिऑसॉफिकल कॉलनी, जुहू-विलेपार्ले योजनेतील सहकारी सोसायट्या यांविषयी एरवी भरपूर लिहिले गेले आहे. तो तपशील येथे नको.

समुद्र आणून टाकतो ते

वाळूची पट्टी ही मुळात समुद्राची निर्मिती. लाटांनी आणून टाकलेल्या वस्तूंचा तो साठा. ही सवय समुद्राने सोडलेली नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला की समोरच्या समुद्रात सुटे झालेले सारे किनाऱ्याकडे येते. डांबराचे चिकट गोळे दरवर्षी येतात. निळसर फुग्यासारखे ‘ब्लू बॉटल’ येतात. ते दिसायला सुंदर असतात आणि त्यांच्या दोऱ्यांचा स्पर्श झाला की अंगाची आग होते. जानेवारी २०१६ मध्ये, पावसाळा नसतानाही, सुमारे पस्तीस फुटांचा ब्राइड जातीचा मृत देवमासा जुहूला लागला आणि त्याला पाहण्यासाठी जत्रा जमली.

सर्वांत मोठ्या वस्तू आल्या त्या २०११ साली. ‘एमव्ही विस्डम’ हे मालवाहू जहाज गुजरातेतील अलंगला मोडीत काढण्यासाठी ओढून नेले जात होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा दोर तुटला. निर्मनुष्य जहाज वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या दिशेने भरकटल्याने यंत्रणांची धावपळ उडाली. सेतूला ते चुकले आणि जुहूच्या वाळूत रुतून बसले. ते ओढून काढायला काही आठवडे गेले. ते हलते न हलते तोच ३१ जुलैला ‘पवित’ हे छोटे तेलवाहू जहाज आले. ओमानच्या समुद्रात पाणी शिरल्याने त्याचे खलाशी महिनाभरापूर्वीच ते सोडून गेले होते. ब्रिटिश युद्धनौकेने खलाशांना वाचविले आणि जहाज बुडाल्याचे गृहीत धरले गेले. ते बुडाले नाही. अरबी समुद्र ओलांडून, कोणालाही न दिसता, ते थेट चौपाटीजवळ आले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याला तीन वर्षेही झाली नव्हती आणि ते हल्लेखोर समुद्रमार्गेच आले होते. त्यामुळे शेकडो टनांचे जहाज किनाऱ्यापर्यंत कोणाच्या लक्षात कसे आले नाही, हा प्रश्न गंभीर होता आणि तो संसदेपासून चौपाटीपर्यंत विचारला गेला. तटरक्षक दल, नौदल आणि पोलीस यांच्या जबाबदाऱ्यांवर चर्चा झाली. एका गोष्टीचा उल्लेख त्या वेळी कमी झाला. एरवी या समुद्रावर रात्रंदिवस ज्यांचे डोळे असतात ते कोळी पावसाळी मासेमारीबंदीमुळे किनाऱ्यावर होते.

नैर्ऋत्येच्या याच लाटा माणसांनाही ओढून नेतात. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ अरबी समुद्रात असताना जुहूला चार मुलांचा बुडून मृत्यू झाला. किनारा उथळ दिसतो, म्हणून तो सुरक्षित वाटतो.

खाडी परत येते

खाडी बुजली, रस्ते झाले, १९५० मध्ये हा भाग बृहन्मुंबईत आला आणि बेट नकाशावरून गेले. पाण्याच्या लेखी मात्र ते अद्याप आहे. विलेपार्ले-सांताक्रूझचे पावसाचे पाणी पश्चिमेला समुद्राकडे जायला निघते आणि जुन्या खाडीच्या सखल पट्ट्यात अडते. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर नाल्यांच्या मुखातून पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच आत येऊ पाहतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा हे साऱ्या जगाने पाहिले.

त्यानंतर शहराच्या पर्जन्यजलवाहिन्यांच्या रखडलेल्या प्रकल्पाला गती आली. त्यातील इर्ला येथील उदंचन केंद्र २०११ मध्ये, तर गजदरबंध येथील २०१९ मध्ये सुरू झाले. व्यवस्था समजायला सोपी आहे. भरतीच्या वेळी नाल्याच्या मुखाशी दरवाजे बंद करायचे, म्हणजे समुद्राचे पाणी आत येत नाही. आत साठलेले पाणी अजस्र पंपांनी उचलून दरवाजापलीकडे फेकायचे. ओहोटी लागली की दरवाजे उघडायचे. ‘गजदरबंध’ या नावातला बंध भरतीचे पाणी अडविण्याच्या जुन्या रीतीची आठवण करून देतो. मातीच्या बांधाचे काम आता पोलादी दरवाजे करतात, आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक, जे एकेकाळी जुहूला निघालेल्या वाटसरूला पाहावे लागे, ते आज महापालिकेच्या नियंत्रण कक्षात लावलेले असते.

बेटाचे मूळ रहिवासी अजून आहेत, पण ते शोधावे लागतात. गावठाणातील क्रूस, जुन्या घरांच्या उतरत्या कौलांची एखाद-दुसरी ओळ, मोरागाव हे नाव, आणि दक्षिण टोकाला कोळीवाडा. नारळी पौर्णिमेला येथे समुद्राची पूजा होते आणि होड्या पाण्यात जातात. चौपाटीच्या गर्दीपासून हा भाग चालत जाण्याइतका जवळ आहे, तरी भेळ खायला आलेल्या शंभरांतील नव्व्याण्णवांनी तो पाहिलेला नसतो. वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचे काम सुरू आहे. जून २०२३ मध्ये त्याला वीर सावरकर सेतू असे नाव देण्याचा निर्णय झाला. जोडरस्त्यांसह सुमारे सतरा किलोमीटरच्या या सेतूचा एक फाटा जुहू कोळीवाड्यापाशी किनाऱ्याला लागणार आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जमशेटजींना जुहूला रस्ता पूर्वेकडून, खाडी ओलांडून आणायचा होता. हा रस्ता पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो आहे. खांबांमधून होड्या न्यायला पुरेशी वाट राहील का, आणि जेथे जाळी लावली जातात त्या पाण्याचे काय होणार, हे कोळ्यांचे प्रश्न काम सुरू झाल्यापासून विचारले जात आहेत.